फीत न कापलेले हातमोजे

देवतळे साहेबांच्या टेबलाचा डावा खण उघडला की आधी वास यायचा. खणात एक मोठी कात्री, लाल साटीनच्या फितीचं रीळ आणि शेंडी ठेवून सोललेला एक नारळ कायम असे. कार्यक्रम लांबला की नारळ आतल्या आत कुजायचा. मी एकदा म्हटलं, "साहेब, काढा न हे. माह्या टेबलापर्यंत वास येऊन राह्यला." त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "वर्षाताई, ऐन वेळी नारळ कोठून आणता? मुहूर्त काही दुकान उघडाची वाट पाहत नाई."

मुहूर्त कशाचा, हे विचारायची सोय नव्हती. कशाचाही असायचा. आर्वी रोडवर आमची सहकारी जिनिंग-प्रेसिंग आहे. कापसातून सरकी वेगळी काढायची आणि राहिलेली रुई दाबून तिच्या गाठी बांधायच्या, हे आमचं काम. मी तिथे हिशेबाला, रोज नालवाडीहून स्कूटीने येणारी. देवतळे साहेब मॅनेजर. माणूस प्रामाणिक होता, चहासुद्धा स्वतःच्या पैशांनी पिणारा. पण संस्थेत आलेली कुठलीही नवी वस्तू उद्घाटनाशिवाय वापरायची म्हटलं की ते अडून बसायचे.

"बिनउद्घाटनाची वस्तू म्हंजे बिनलग्नाचा संसार," ते म्हणायचे. "चालते, पण कोणी आपलं म्हणत नाई."

त्यांच्याकडे पुरावाही होता. त्यांच्या आधीच्या मॅनेजरने वजनकाटा नारळ न फोडता सुरू केला आणि तो पहिल्याच हंगामात जळला. विजेचा दाब कमी-जास्त झाल्याने जळला, हे सगळ्यांना माहीत होतं, साहेबांनाही. तरी गोष्ट सांगताना ते विजेचा उल्लेख टाळत.

थंड पाण्याच्या मशीनचं मी विसरू शकत नाही. ते आलं ऐन मे महिन्यात. आमच्याकडचा मे म्हणजे दुपारी कावळासुद्धा झाडातून बाहेर पडत नाही. मशीन बसवलं, तारा जोडल्या, पाणी भरलं आणि नळाला लाल फीत बांधून ठेवली, कारण अध्यक्ष नातेवाइकाच्या लग्नाला गेले होते. मजूर शेजारच्या टाकीचं कोमट पाणी पीत आणि फितीकडे बघत. एक दिवस माझं लक्ष गेलं तर मशीनचा दिवा लागलेला.

"साहेब, कोणाले प्याचं नाई तं चालू काऊन केलं?"

"अध्यक्षाच्या हातावर पहिली धार थंड पडली पाह्यजे न!"

म्हणजे पाणी रात्रंदिवस थंड होत होतं आणि प्यायला मनाई होती. पुढे अध्यक्ष आले, फीत कापली, पहिला पेला त्यांनी हातात घेतला आणि त्यांना सर्दी असल्यामुळे तसाच खाली ठेवला.

बायकांच्या संडासाच्या उद्घाटनाला एका संचालकाच्या सौभाग्यवती आल्या होत्या. फीत कापली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. साहेबांनी भाषणात "आजचा दिवस संस्थेच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल" हे वाक्य घेतलं. ते वाक्य ते कचऱ्याच्या डब्यालाही घेत असत. भाषण संपलं तरी सगळे दाराशीच उभे. शेवटी सरकी झाडणारी सखूबाई पुढे झाली आणि म्हणाली, "साहेब, कार्यक्रम झाला असन तं माणसं न्या न तिकडं. तुमी सारे अथीच उभे राह्यले तं आमी जावाव कवा?" साहेब कानापर्यंत लाल झाले आणि सगळ्यांना हात हलवून मांडवाकडे हाकलत सुटले.

मी हसते आहे खरी, पण त्यांच्या कार्यक्रमांत एक गोष्ट अशी होती की तिच्यापुढे हसू आवरावं लागायचं. आलुबोंड्याची पहिली प्लेट नेहमी मजुरांना जायची. अध्यक्ष हात पुढे करून बसलेले असत आणि साहेब वाढप्याला डोळ्यांनी मागच्या रांगेकडे पाठवत. भाषणात ते काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव आडनावासकट घ्यायचे, आणि आडनाव पुकारलं की तो माणूस लाजून उभा राहायचा. एरवी त्या माणसाला "ए प्रेसवाल्या" म्हणणारे संचालक त्या दिवशी टाळ्या वाजवत. उद्घाटन म्हणजे साहेबांच्या मते वस्तूचा मान होता, आणि वस्तूच्या निमित्ताने माणसाचा. हा भाग मला फार उशिरा कळला.

प्रेसवर किसन मडावी होता. चाळिशीचा, काटक, बोलका. रुई दाबली गेली की तिच्याभोवती लोखंडी पट्ट्या ओढायच्या आणि अडकवायच्या, हे त्याचं काम. दाबलेली रुई पट्टीला आतून ढकलत असते, त्यामुळे पट्टी कधी उसळेल सांगता येत नाही, आणि तिची धार विळ्यासारखी. म्हणून हातात जाड हातमोजे हवेत, आणि ते होतेही.

मग गाठींवर बारकोड छापलेली चिकटपट्टी आली. प्रत्येक गाठीवरची चिकटपट्टी मोबाइलने वाचायची, पडद्यावर वजन तपासायचं, "होय" दाबायचं, मग गाठ पुढे. हे काम संचालक मंडळाने विचार न करता किसनवरच टाकलं, कारण तो तिथे उभाच होता. आता जाड हातमोज्याला मोबाइल ऐकत नाही. म्हणून पट्टी बांधली की मोजा काढायचा, बोट लावायचं, मोजा घालायचा. मागून पुढची गाठ येतच असते. कोणता माणूस दिवसभर मोजे काढत-घालत बसेल? थोड्याच दिवसांत किसनने उजव्या हाताचा मोजा खुंटीला टांगला आणि पट्टीच्या धारेने त्याची बोटं चिरायला लागली.

मध्ये काही दिवस त्याने नाकाने "होय" दाबून पाहिलं. जमायचंही. पण रुईचे तंतू नाकावर, नाकावरून पडद्यावर, आणि पडदा भलतंच काहीतरी समजायचा. एकदा त्याच्या नाकाने एक गाठ रद्द केली आणि मला अर्धा दिवस हिशेब जुळेना.

साहेब रोज संध्याकाळी प्रेसवर जाऊन म्हणायचे, "बोटं दाखव." किसन दोन्ही हात पुढे करायचा, शाळेत नखं दाखवतात तसे. साहेबांच्या खिशात मलमाची नळी आणि औषधांच्या दुकानातून आणलेली कापसाची गुंडाळी असे.

किसन हसायचा. "साहेब, एवढ्या गंजी पडल्या कापसाच्या, अन् तुमी कापूस इकत आणता?"

"तो कापूस विकाचा आहे. हा लावाचा आहे. हात धर सरळ."

त्यांनी ते मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी नागपूरला जायचे, दुकानं पालथी घालायचे. बोटाच्या टोकाला वेगळं कापड लावलेले हातमोजे मिळतात, धारेला कापत नाहीत आणि मोबाइलही चालतो, असं त्यांनी कुठे तरी वाचलं होतं. दुकानदार मोजे दाखवत आणि साहेब खिशातून मोबाइल काढून तिथल्या तिथे चालवून बघत. शेवटी एका दुकानात सापडले. काळे, तळव्याला करडे, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकाला चमकणारा लहान तुकडा.

मंडळाच्या बैठकीत एक संचालक म्हणाले, "मोबाइल चालवाले मोजा? उद्या चालाले टचवाली चप्पल मागतीन हे." सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी किसनला आत बोलावलं आणि "बोटं दाखव" म्हटलं. किसनने दाखवली. मंजुरी मिळाली.

मोजे आले तेव्हा अध्यक्ष एवढंच म्हणाले, "देऊन टाका, देवतळे."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. नंतर पुष्कळांनी पुष्कळांना दोष दिला, पण त्या क्षणी अध्यक्षांनी "देऊन टाका" म्हटलं होतं आणि साहेबांचा चेहरा पडला होता.

"असं कसं साहेब? पूर्ण तालुक्यात कोण्या जिनिंगमंदी असा मोजा नाई. कार्यक्रम नको?"

कार्यक्रम म्हटल्यावर अध्यक्ष जागे झाले. मग आमदार बोलवायचं ठरलं. मग प्रत्येक पाकिटावर अध्यक्षांचा हसरा फोटो चिकटवायचं ठरलं. बॅनर आला, त्यात मोज्यापेक्षा अध्यक्ष मोठे होते. मोजे साहेबांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेले आणि कपाटाला फीत बांधली गेली.

एका दुपारी किसन खोलीत आला. "साहेब, एक डाव घालून पाहू द्या न."

साहेबांनी जरा विचार केला आणि नमुन्याची जोडी काढली. किसनने मोजे चढवले, खिशातून आपला मोबाइल काढला आणि बायकोला फोन लावला. लागला. तो मोठ्याने हसायला लागला. "काही नाई व, मोजा घालून फोन केला. खरंच! बोट बी काढलं नाई बाहेर!" पलीकडून तिने काय म्हटलं कोण जाणे, पण त्याने मोजा घातलेला हात माझ्यासमोर धरून हलवला, जणू तीही बघत होती.

मग साहेबांनी मोजे परत मागितले. झटकले, घडी घातली, पाकिटात ठेवले. "पहिली जोडी तुलेच, किसन. स्टेजवर. आमदाराच्या हातानं. तुहं नाव मी सोता पुकारीन."

किसनचा चेहरा फुलला. खोटं कशाला बोलू, त्यालाही स्टेज हवं होतं. जन्मात कोणी त्याचं नाव भोंग्यावर पुकारलं नव्हतं. त्याने नवा सदरा शिवायला टाकला. मी एकटीच तिथे कुरकुर करणारी निघाले. "आज देऊन टाका न साहेब, अन् स्टेजवर पुन्यांदा द्या."

"वापरलेले मोजे आमदाराच्या हातात द्याचे काय, ताई?" त्यांना खरोखर दुखावल्यासारखं झालं.

आमदारांनी पहिली तारीख दिली आणि त्या दिवशी त्यांना कुणाच्या तरी मौतीला जावं लागलं. दुसऱ्या तारखेला ते आमच्या फाटकावरून गेले, गाडीतून हातही केला आणि पुढच्या गावच्या लग्नाला गेले. मांडव घातलेला, आलुबोंडे तळलेले. मजुरांनी खाल्ले आणि प्रेसवर परत गेले. किसन नवा सदरा घालून आला होता. तो काढून, खुंटीला टांगून, त्याने बनियनवर पट्ट्या ओढायला घेतल्या.

तिसरी तारीख ठरणार तर निवडणुकीची आचारसंहिता लागली.

आता पाकिटावर अध्यक्षांचा फोटो, आणि अध्यक्ष एका गटाचे. विरोधी गट तक्रार करेल म्हणून साहेबांनी कपाटाला आतून वर्तमानपत्र लावलं. बॅनर उलटा करून भिंतीला टेकवला. मी म्हटलं, "पाकिटं फाडून फेका न. मोज्यावर कुठं फोटो आहे?"

"अन् मंग कार्यक्रमात उघडे मोजे वाटू? भाजीवाल्यासारखे?"

मी रागाने स्कूटी काढून घरी गेले. एक निवडणूक संपत नाही तो दुसरीची चाहूल. साहेब रोज वर्तमानपत्रात आचारसंहिता कधी उठते ते बघत आणि रोज संध्याकाळी प्रेसवर जाऊन "बोटं दाखव" म्हणत. मलम लावताना किसनला धीर देत, "आता होईन रे, आठ-पंधरा दिवसात." किसन म्हणे, "होईन न साहेब. कुठं पळून चालले मोजे?"

ती सकाळची वेळ होती. किसनने उघड्या बोटाने "होय" दाबलं आणि तसाच वळून पुढच्या गाठीची पट्टी धरली. पट्टी अडकली नव्हती, उसळली. ओरडल्याचा आवाज ऑफिसात आला. मी पोचले तेव्हा पांढऱ्या रुईवर रक्त होतं आणि किसन आपल्या हाताकडे बघत उभा होता. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाची वरची दोन पेरं गेली होती.

सावंगीच्या दवाखान्यात न्यायला साहेबांनी स्वतःची गाडी काढली. मी मागे किसनचा हात वर धरून बसले. गाडी चालवताना साहेबांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. सावंगीच्या वळणावर किसनने डोळे उघडले आणि विचारलं, "साहेब, कार्यक्रमाले आता मी चालन न?"

मला त्या क्षणी साहेबांचा इतका राग आला होता की उतरून जावंसं वाटलं. आणि दयाही आली. राग जास्त होता.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी साहेब फाटकात उभे होते. कपाटातली सगळी पाकिटं त्यांनी पोत्यात घालून आणली होती. एकेक पाकीट दातांनी फाडायचे आणि मोजे माणसाच्या हातात द्यायचे. नारळ नाही, भाषण नाही, कुणाचं नाव नाही. अध्यक्षांचे हसरे चेहरे फाटून फाटकात पसरले होते, आणि सखूबाईने ते मुकाट्याने झाडून काढले. अध्यक्ष दिवसभर तक्रारीची धास्ती घेऊन बसले. कुणीही तक्रार केली नाही. आमच्या हातमोज्यांची आचारसंहितेला खबरसुद्धा नव्हती.

जखम भरल्यावर किसन कामावर आला. बाकी काम येत नाही, घरी बसवत नाही, आणि पट्टी ओढायला तळवा लागतो, बोट नाही, असं त्याचं म्हणणं. साहेबांनी त्याची जोडी स्वतःच्या हाताने नेऊन दिली. किसनने मोजे चढवले, पट्टी बांधली, चिकटपट्टी वाचली आणि "होय" दाबायला हात पुढे केला.

मोज्याचं बोट पूर्ण होतं. आतलं अर्धं. चमकणारा तुकडा पडद्याला लागला आणि मागे दुमडला. किसनने पुन्हा दाबलं. पुन्हा दुमडला. त्याने मधलं बोट लावून पाहिलं, त्याला तो तुकडा नव्हता. पडदा तसाच होता. मागून पुढची गाठ येत होती.

"मोजा बराबर हाय साहेब," किसन म्हणाला. "बोटच कमी पडलं."

तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता. साहेबांना समजावत होता. साहेबांनी शेजारच्या माणसाचे मोजे मागून घेतले, स्वतःच्या हातात चढवले आणि किसनच्या जागी "होय" दाबलं. मग पुढच्या गाठीचं. मग त्याच्या पुढच्या.

त्या दिवसापासून प्रेस चालू असेपर्यंत मॅनेजर प्रेसवर. सह्यांचे कागद मी तिथे न्यायची, ते उजव्या हाताचा मोजा काढून गुडघ्यावर सही करायचे. मंडळ कुजबुजलं. एक संचालक म्हणाले, दुसरा माणूस लावा. साहेब म्हणाले, "लावा न. तो आला की मी हटतो." माणूस लावायचा तर पगार द्यायचा, म्हणून तो काही आला नाही. मोठ्या पगाराचा मॅनेजर मोबाइलचं बटन दाबत उभा राहिला, हे मंडळाला स्वस्त वाटलं. डाव्या खणात त्यांनी पुन्हा हात घातला नाही. नवी खुर्ची आली, नवा पंखा आला, आम्ही वापरायला लागलो. मला ते बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मात्र मंडळाने कसर काढली. मांडव, भोंगा, शाल, मोठा बॅनर. निवडणुका आटोपल्या होत्या. आमदार वेळेवर आले, किंबहुना जरा आधीच आले आणि स्टेजवर बसले. अध्यक्षांनी मला खूण केली, देवतळेंना घेऊन या. त्यांना कुठे शोधायचं हे मला विचारावं लागलं नाही.

हंगामाचा शेवटचा कापूस होता. प्रेस जोरात चालू होती. साहेबांच्या केसांवर, भुवयांवर रुई बसली होती. सुनेने दिलेला नवा सदरा त्यांनी घातला होता, तोही पांढरा झाला होता.

"साहेब, आमदार येऊन बसले. तुमची वाट पाहून राह्यले."

"बसू द्या," ते म्हणाले. मान वर केली नाही.

किसन पट्टी ओढता ओढता म्हणाला, "ताई, मी कवाचा सांगून राह्यलो त्याइले, जा म्हणून. तुमचाच सत्कार हाय, तुमीच नाई तं कसं? तुमी तरी सांगा."

साहेब मोबाइल पुसत म्हणाले, "उद्यापासून मी नाई, ताई. उद्या याचं 'होय' कोण दाबन, मले मालूम नाई. आजच्या गाठी तं होऊ द्या."

किसनने पट्टी अडकवली, हाताने ठोकून पाहिली आणि अर्धं पाऊल बाजूला सरकला. रिकाम्या झालेल्या जागेत साहेबांनी हात घातला आणि बोट लावलं. मागून पुढची गाठ आली.

मी मांडवात परत गेले. भोंग्यावर साहेबांचं नाव पुकारलं जात होतं, आडनावासकट. अध्यक्षांनी वाकून विचारलं, "किती वेळ?"

"शेवटची गाठ होईपर्यंत," मी म्हटलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसले.